इनसेम, अभ्यासिका आणि गच्चीवरची पट्टी

सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत मी इनसेमच्या (इंजिनिअरिंगच्या सेमिस्टरमधल्या छोट्या परीक्षेच्या) आधीपासून पूर्ण महिना बसले, स्वतःचे पैसे भरून, म्हणून जरा सविस्तर लिहिते, कारण मी शोधत होते तेव्हा जिकडे तिकडे फक्त 'शांत आहे, छान आहे' एवढंच वाचायला मिळत होतं.

आधी सरळ माहिती. फी महिना ११०० रुपये, लॉकरचं डिपॉझिट ५०० वेगळं, ते परत मिळतं. सकाळी ६ ते रात्री ११. पहिला मजला मुलींचा. प्रत्येक सीटला प्लायचं पार्टिशन, प्लग पॉइंट आणि छोटा एलईडी दिवा, आणि तो दिवा खरंच चांगलाय, रात्री डोळे चुरचुरत नाहीत. खुर्च्या प्लास्टिकच्या, दोन तासांत पाठ धरते, त्यामुळे बारकी उशी न्याच. वायफाय संध्याकाळी ७ नंतर रडतं, पीडीएफ आधीच डाउनलोड करून ठेवा. बाथरूम दिवसातून दोनदा धुतात, मुलींसाठी ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे. तक्रार एकच, माझ्या सीटवरचा पंखा कट कट वाजायचा, तीनदा सांगूनही दुरुस्त झाला नाही, शेवटी सीट बदलून घेतली.

दाराशी बसणारे काका कडक आहेत पण प्रेमळ. पहिल्याच दिवशी 'अगं पोरी, चप्पल रॅकमध्ये, फोन सायलेंटवर' असं म्हणाले आणि रविवारी संध्याकाळी मेस बंद असते हे माहीत असल्यामुळे पोहे कुठे चांगले मिळतात तेही त्यांनीच सांगितलं.

आता खरं सांगायचं ते. मी मेकॅनिकल सेकंड इयर, पुणे विद्यापीठाच्या जुन्या, २०१९ च्या पॅटर्नमधली (म्हणजे अभ्यासक्रमातली), त्यात इनसेम ३० मार्कांची, एका तासाचा पेपर, पहिली दोन युनिट. गेल्या वर्षी हॉस्टेलवर अभ्यास करून मला इनसेमला ११ च्या वर काही मिळालं नव्हतं आणि आपल्याला बसायलाच जमत नाही असं माझं पक्कं मत झालं होतं. इथे शेजारी एमपीएससीच्या ताया सकाळी सहाला येऊन बसतात त्या दुपारी डब्यालाच उठतात, त्यांच्याकडे बघून मीही बसले, चार चार तास बसले, बसायला जमलं, पण सॉलिड मेकॅनिक्सचं (वजन पडल्यावर वस्तू कशा ताणतात, वाकतात त्या विषयाचं) एक पान डोक्यात शिरेल तर शपथ.

मग एका संध्याकाळी गच्चीवर गेले. (गच्चीवर बोलायला परवानगी आहे, काकांकडून किल्ली घ्यायची, ९ वाजता बंद.) तिथे सिव्हिलची एक मुलगी ओव्हरहँगिंग बीमचं (टेकूच्या बाहेर टोक आलेल्या तुळईचं) गणित घेऊन रडकुंडीला आली होती, त्यांनाही एसएफडी बीएमडी (बीमवरचा शिअर फोर्स आणि बेंडिंग मोमेंट, म्हणजे कापणारा जोर आणि वाकवणारा जोर, दाखवणाऱ्या आकृत्या) असतंच. मला म्हणाली, ताई, हा बेंडिंग मोमेंट मधेच मायनस कसा होतो गं? मला पुस्तकातलं वाक्य आठवेना. मी आपली ३० सेंटीमीटरची प्लास्टिकची पट्टी काढली, दोन कंपासपेट्यांवर ठेवली, एक टोक बाहेर सोडलं आणि तिला म्हटलं, एका बोटाने मधे दाब, दुसऱ्याने टोकाला दाब. पट्टी मधे खाली वाकली आणि टोकाकडच्या पेटीवर उलटी, वरच्या बाजूला फुगली. म्हटलं, खाली वाकते ते सॅगिंग, प्लस, वर फुगते ते हॉगिंग, मायनस, आणि यांच्यामधे जिथे वाक बदलतो ना, तिथे मोमेंट झिरो, तोच तुझा पॉइंट ऑफ कॉन्ट्राफ्लेक्शर. तिने पट्टीवर तिथे पेनाने टिंब केलं, गणित सोडवलं आणि उत्तर त्या टिंबाच्या आसपासच आलं!

त्या रात्री मला झोप आली नाही इतका आनंद झाला, कारण तिला समजावताना ते मलाच पहिल्यांदा नीट समजलं होतं. तोपर्यंत मी समजत होते की माझी मेमरी कच्ची आहे. मला हातात घेऊन, तोंडाने बोलून शिकायला जमतं, आणि दुसऱ्याला समजेल असं सांगता येतं, हे वीस वर्षांत मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मलाही माहीत नव्हतं. मग रोज सात ते नऊ गच्ची, आधी दोघी, शेवटच्या आठवड्यात सहा जणी, मी सांगायचे, त्या प्रश्न विचारायच्या, नऊनंतर खाली येऊन तेच कागद न बघता लिहून काढायचं.

सॉलिडला ३० पैकी २५ आले. थर्मोला (थर्मोडायनॅमिक्स, उष्णता आणि ऊर्जेचा विषय) १६ च, त्यातली एन्ट्रॉपीची कल्पना पट्टीवर दाखवता येत नाही, त्याचं काहीतरी शोधतेय. सिव्हिलवालीला २२, तिने मेसमधून माझ्यासाठी गुलाबजाम आणला होता.

तर जागा घेताना फक्त हॉल बघून येऊ नका, बोलायला जागा आहे का ते विचारा. पेठेत मी अजून चार अभ्यासिका बघितल्या, हॉल सगळ्यांचे सारखेच, गच्ची फक्त इथेच मिळाली. एण्डसेमसाठी (सेमिस्टरच्या शेवटच्या परीक्षेसाठी) मी पुढच्या महिन्याची फी भरलीये. खिडकीजवळच्या सीट १ तारखेलाच भरतात, एक दिवस आधी काकांना सांगून ठेवा, आणि पंख्याखालची घेण्याआधी पाच मिनिटं पंखा लावून ऐका.