आयपॅड, गॅलेक्सी, शाओमी की वनप्लस: अभ्यासासाठी कोणता टॅब घ्यावा?

दुकानात टॅब मागितला की आधी आयपॅडच समोर ठेवला जातो. २०१० साली स्टीव्ह जॉब्स यांनी पहिला आयपॅड दाखवला आणि तेव्हापासून या बाजारात ॲपलच पुढे आहे. टक्कर द्यायला आलेल्या काहींनी तर गिऱ्हाइकाला वाऱ्यावर सोडलं. एचपीचा टचपॅड जुलै २०११ मध्ये बाजारात आला आणि ऑगस्टमध्ये कंपनीने तो बंदही करून टाकला. तेव्हा कंपनी किती वर्षं पाठीशी राहणार, हे कॅमेऱ्याच्या आणि स्पीकरच्या आधी विचारायला हवं.

कॉलेजचा अभ्यास किंवा स्पर्धा परीक्षेची तयारी समोर ठेवून चार टॅब पाहू: आयपॅड (२०२५ चा, ए१६ चिपचा), सॅमसंग गॅलेक्सी टॅब एस१० एफई, शाओमी पॅड ७ आणि वनप्लस पॅड २. पुढच्या किमती हे टॅब भारतात आले तेव्हाच्या, वाय-फाय मॉडेलच्या आहेत. सेलमध्ये त्या खालीवर होतात.

आयपॅड ३४,९०० रुपयांना आणि गॅलेक्सी ४२,९९९ रुपयांना. आठ हजारांचा फरक बघून बरेच जण इथेच निर्णय घेऊन टाकतात. पण नोट्स लिहायच्या तर पेन लागणारच. सॅमसंगचं एस पेन खोक्यातच मिळतं. ॲपलचं स्वस्तातलं यूएसबी-सी पेन्सिल ७,९०० रुपयांना वेगळं घ्यावं लागतं. बेरीज केली की आयपॅड ४२,८०० वर जातो, म्हणजे फरक उरतो १९९ रुपयांचा. शिवाय गॅलेक्सीत मेमरी कार्ड घालता येतं आणि तो धूळ-पाण्याला दाद देत नाही. आयपॅडमध्ये १२८ जीबी भरली की क्लाउडचे पैसे भरा किंवा जुन्या फाइली उडवा.

पेनातला फरकही लहान नाही. एस पेन लिहिण्यासाठी चार्ज करावं लागत नाही आणि जोर दिला तशी रेघ जाड होते. ॲपलच्या यूएसबी-सी पेन्सिलला जोर कळत नाही. त्यात या आयपॅडची काच आणि खालचा डिस्प्ले एकमेकांना चिकटवलेले नाहीत, मध्ये बारीकशी फट आहे. त्यामुळे टोक एका जागी आणि शाई किंचित खाली उमटते असं वाटतं. बारीक अक्षरात अनुस्वार, रफार देताना हे पटकन जाणवतं. महिनाभरात हात सरावतो, पण रोज तीन-चार तास लिहिणाऱ्याने घेण्याआधी दुकानात एक पानभर मराठी लिहून बघावंच.

वाचनात मात्र पारडं फिरतं. आपल्याकडच्या जुन्या प्रश्नपत्रिका आणि क्लासच्या नोट्स बहुतेक ए४ आकाराच्या पीडीएफमध्ये असतात. आयपॅडची स्क्रीन जवळपास त्याच प्रमाणात आहे, त्यामुळे उभा धरला की पान भरून दिसतं. गॅलेक्सीची स्क्रीन उंच आणि अरुंद. पान सुमारे एक सेंटिमीटर कमी रुंदीत बसवावं लागतं आणि वर-खाली जागा रिकामी राहते. एक सेंटिमीटर ऐकायला काहीच नाही, पण दोन रकान्यांचा बारीक टाइप वाचताना सारखं झूम करावं लागतं. या एका कामात वनप्लस पॅड २ सगळ्यांना मागे टाकतो: १२.१ इंचांची स्क्रीन आणि प्रमाण अगदी ए४ चं. किंमत ३९,९९९, पेन वेगळं. वजन ५८४ ग्रॅम असल्याने आडवं पडून वाचणाऱ्याचे हात भरून येतात.

शाओमी पॅड ७ ची किंमत २७,९९९ पासून सुरू होते. ११.२ इंचांची, १४४ हर्ट्झची (सेकंदाला १४४ वेळा चित्र ताजं करणारी) स्क्रीन या पैशात उत्तमच आहे. लेक्चर बघणं आणि पीडीएफ वाचणं एवढंच काम असेल, तर जास्त पैसे घालू नका.

ॲप्सचं म्हणाल तर आयपॅडची आघाडी अजून खरी आहे. चित्रकारांचं आवडतं प्रोक्रिएट अँड्रॉइडवर मिळतच नाही. संगीत तयार करायचं गॅरेजबँड आयपॅडवर फुकट आहे, अँड्रॉइडवर नाही. घरात चित्रकलेकडे किंवा संगीताकडे वळलेलं मूल असेल तर मी बिनदिक्कत आयपॅड सुचवेन. अँड्रॉइडवर अजूनही काही ॲप्स फोनचंच रूप ताणून मोठ्या स्क्रीनवर दाखवतात.

अपडेटच्या बाबतीत ॲपलचं नाव चांगलं आहे. २०१९ च्या सातव्या पिढीच्या आयपॅडला २०२४ मध्ये आलेलं आयपॅडओएस १८ मिळालं. सॅमसंगनेही एस१० एफईला अँड्रॉइडच्या सात नव्या आवृत्त्या देण्याचं कबूल केलंय. शाओमी आणि वनप्लसची हमी एवढी लांबची नाही.

लिहिण्यासाठी म्हणून टॅब घेणार असाल तर माझं मत गॅलेक्सीला. दहावीनंतर घेतलेला टॅब पदवीपर्यंत टिकला पाहिजे, आणि पेन, मेमरी कार्ड, अपडेट या तिन्ही बाबी त्यात एकत्र मिळतात.

गावी किंवा हॉस्टेलवर वाय-फाय नसेल तर एक लक्षात ठेवा: शाओमी पॅड ७ आणि वनप्लस पॅड २ मध्ये सिमची सोयच नाही, फोनचा हॉटस्पॉट लावावा लागेल. आयपॅड आणि गॅलेक्सीची सिमवर चालणारी मॉडेल आहेत, पण त्यांची किंमत ५० हजारांच्या घरात जाते. आयपॅडमध्ये तर ई-सिमच (कार्ड न घालता चालणारं सिम) चालतं, तेव्हा तुमची मोबाइल कंपनी टॅबसाठी ते देते का, हे आधी विचारून घ्या.