सुट्टीतली भाड्याची सायकल: साधी की बॅटरीवरची?

शहरातले बरेच पक्के सायकलमार्ग नदीकाठाने किंवा बंद पडलेल्या रेल्वेमार्गावरून जातात. आगगाडीला तीव्र चढ झेपत नाही, म्हणून त्या वाटाही सपाट असतात. अशा वाटेवर एका दिवसासाठी मी साधी सायकलच घेईन. बारा-पंधरा किलोंची ती सायकल पुलाच्या पायऱ्यांवरून उचलून नेता येते. वेग बेताचा असल्यामुळे पाण्यावरचा पक्षी दिसला की लगेच थांबता येतं, आणि सुट्टीत तेच तर हवं असतं!

ई-सायकल साधारण २० ते २५ किलोंची. बॅटरी आहे तोवर वजन जाणवत नाही, संपली की प्रत्येक पेडल जड. युरोपात मोटरची मदत ताशी २५ किलोमीटरला थांबते, पण लहान मुलं मध्ये धावत असतील तर तेवढा वेगही जास्तच.

वाऱ्यापुढे मात्र ई-सायकल सरस. एकदा साध्या सायकलवर जाताना वारा पाठीशी होता, म्हणून मी भान विसरून लांब गेलो. परतताना तोच वारा छातीवर आला आणि शेवटचे आठ किलोमीटर मांड्या भरून आल्या. गुडघे दुखत असतील, किंवा सोबतीचा वेग आपल्यापेक्षा बराच जास्त असेल, तर खुशाल बॅटरीवरची घ्या.

कुठलीही घेतलीत तरी निघण्याआधी सीट बघा. पेडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ व्हायला हवा.