बाराखडी, गोष्ट की दोन्ही? इंदूरमधल्या मराठी वर्गासाठी

रामबागेत किंवा सुदामानगरात रविवारचा मराठी वर्ग काढायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो: सुरुवात बाराखडीपासून की गोष्टीपासून? आधी समोरची मुलं बघा. इथलं दुसरीतलं मूल शाळेत हिंदीतून देवनागरी शिकलेलं असतं. मराठी त्याच्या कानावर पडते, पण छापलेली फारशी दिसत नाही.

बाराखडीची वाट भक्कम आहे. ‘क’ला काना, वेलांटी, मात्रा लावता आल्या की तीच रीत ‘ग’ला लागू पडते. अडचण एकच, मुलं बाराखडी वाचत नाहीत, म्हणतात. मधल्याच ‘के’वर बोट ठेवलं की मूल ‘क, का, कि, की’ करत पहिल्यापासून येतं. दुरेघी वही भरत जाते आणि मनातलं एक वाक्य लिहायची पाळी महिनोन् महिने येत नाही.

गोष्ट मुलांना जवळची वाटते, आणि वाचून दाखवलेल्या गोष्टीतून शब्द भरपूर मिळतात. पण नुसत्या गोष्टींवर सोडलं तर मूल चित्र बघून अंदाज बांधतं. छापलेलं असतं ‘टांगा’, चित्रात घोडा, की ते ठामपणे ‘घोडा’ वाचतं. ही सवय लवकर मोडावी लागते.

संतुलित पद्धतीत दोन्ही रोज असतं. २०२२च्या पायाभूत स्तराच्या (तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठीच्या) राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात भाषेच्या तासाचे चार भाग सुचवले आहेत: बोलणं-ऐकणं, शब्द ओळखणं, वाचणं, लिहिणं. अक्षरं वर्णमालेच्या क्रमाने न घेता गटाने घेतात. म, क, ल, र आणि काना एवढ्यावर ‘काका, काम कर’ हे पूर्ण वाक्य वाचता येतं. ते वाचल्यावर मुलाचा चेहरा बघा! माझं मत याच बाजूने आहे, फक्त संतुलन म्हणजे निम्मं-निम्मं असं धरू नका.

माझ्या वर्गातल्या एका मुलाने ‘विहिरीतला गाळ काढला’ हे ‘गाल काढला’ असं वाचलं आणि न थबकता पुढे गेला. अक्षरं त्याला येत होती. ‘गाळ’ शब्दच माहीत नव्हता, आणि शाळेतल्या हिंदीत ‘ळ’ भेटत नाही. अशा मुलाला पुन्हा बाराखडी देऊन काय होणार? त्याला गाळ-गाल, वेळ-वेल, माळ-माल या जोड्या ऐकवा, बोलायला लावा, मग लिहायला द्या. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतल्या ‘च’चा फरक तर लिपी दाखवतच नाही, तो कानानेच कळतो. हिंदी सफाईने वाचणाऱ्यांसाठी म्हणूनच बोलणं आणि गोष्टी यांना जास्त वेळ द्या. घरी अस्खलित मराठी बोलणारं पण अक्षरांवर अडणारं मूल असेल, तर अक्षरगटांना. एकाच वर्गात दोन्ही प्रकारची मुलं असली तर गोष्ट सगळ्यांना एकत्र ऐकवा आणि नंतरची वीस मिनिटं दोन गट करा.

लिहिण्याला दर रविवारी वेळ ठेवाच, आणि लाल पेन आवरा. एकीने लिहिलं, ‘आजिने पूरनपोली दिली.’ मी तिलाच ते मोठ्याने वाचायला सांगितलं. ‘पोली’पाशी ती थांबली, ‘पोळी ना, ताई?’ म्हणाली आणि खोडरबर मागितला. वेलांटी आणि ‘न’ मी पुढच्या रविवारवर ठेवले.