मुलाची मानसशास्त्रीय तपासणी: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

आमचा धाकटा नऊ वर्षांचा, चौथीत आहे. तोंडी विचारलं की सगळं येतं. वही उघडली की 'घर'चं 'धर', 'भात'चा 'मात', आणि जोडाक्षर आलं की पेन्सिल थांबलीच. धडा पाठ करून तो इतका झरझर म्हणायचा, की त्याला वाचता येत नाही हे आम्हाला तिसरीपर्यंत कळलंच नाही. तोवर आम्ही त्याला आळशी ठरवून मोकळे झालो होतो. मी हातही उचललाय त्याच्यावर. ते मनातून जात नाही.

आधी फसलो. बोटांचे ठसे घेऊन मेंदूचा कल सांगणाऱ्या एका ठिकाणी साडेतीन हजार भरले. रंगीत फाईल मिळाली, पोरगा पुढे नेतृत्व करेल म्हणे. वाचता का येत नाही, यावर एक ओळ नाही. ठशांवरून बुद्धी कळते याला शास्त्रीय आधार नाही. कृपा करून त्या वाटेला जाऊ नका.

मग मुलांच्या डॉक्टरांनी आधी कान-डोळे तपासायला लावले. ते ठीक निघाल्यावर इथे सोलापुरात सात रस्त्याच्या बाजूला एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पाठवलं. भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी (अशी तपासणी करणाऱ्यांची सरकारी नोंदणी) आहे ना, हे आधी विचारा.

तीन सकाळी जावं लागलं, कारण मूल दमलं की उत्तरं बिघडतात. पहिल्या दिवशी आम्हालाच प्रश्न: बाळंतपण कसं झालं, कधी चालला, कधी बोलला, घरात कोणती भाषा? आपल्या सोलापुरात हा शेवटचा प्रश्न फार मोलाचा आहे. बाहेर बसलेलं पूर्व भागातलं एक पोरगं घरी तेलुगू बोलणारं, शाळा मराठी. अडचण भाषेची की वाचनाची, हे आधी वेगळं करावं लागतं.

बुद्धीच्या चाचणीत लाल-पांढऱ्या ठोकळ्यांची नक्षी जुळवायची होती. ती त्याने भराभर लावली. सासरे चादरीच्या मागावर होते, ते ऐकून म्हणाले, "नक्षी बसते की त्याच्या डोक्यात!" पण ऐकलेले आकडे उलट्या क्रमाने सांगताना तो तिसऱ्या-चौथ्या आकड्यालाच अडखळायचा. नंतर निम्हान्सच्या (बंगळुरूची मानसिक आरोग्याची संस्था) वाचन-लेखनाच्या चाचण्यांमध्ये अनोळखी उतारा दिला, तिथे पाठांतर कामाला आलं नाही.

बुद्ध्यांक १०४ आला, म्हणजे सर्वसाधारण. निदान लिहिलं: वाचन-लेखनातली विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचणं-लिहिणं जड जाणं. गणित बरं आहे.

तक्रारही सांगते. आठ दिवसांत देतो म्हणून सांगितलेला रिपोर्ट पाच आठवड्यांनी मिळाला, तोही सगळा इंग्रजीत. समजावून घ्यायला पुन्हा वेळ मागावी लागली. पैसे भरतानाच मराठीत एक पान मागून घ्या, घरच्या सगळ्यांना वाचता आलं पाहिजे.

शाळेत आधी "सगळीच मुलं असं लिहितात" हेच ऐकलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अक्षमता धरलेली आहे, हे सांगितल्यावर बाई शांतपणे बसून बोलल्या. आता घटक चाचणीत प्रश्न वाचून दाखवतात. दहावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात, पण त्यासाठी खासगी रिपोर्ट पुरत नाही, सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं.

आठवड्यातून दोनदा उपचारात्मक शिकवणी चालू आहे. घरी ताटात रवा पसरून बोटाने 'घ' आणि 'ध' गिरवतो, तोंडाने आवाज काढत. घ आणि ध आता क्वचितच चुकतात. जोडाक्षरं अजून अवघड जातात. परवा एसटी स्टँडवर 'अक्कलकोट'ची पाटी वाचताना 'क्क'पाशी थांबला, मग पुढे गेला. वाचन वर्गापेक्षा मागेच आहे. पण सकाळी पोट दुखतंय म्हणून रडणं थांबलंय, आणि माझ्यासाठी तेच मोठं आहे.

वर्षाने पुन्हा तपासणी आहे. जायचं ठरवलंत तर मुलाच्या जुन्या वह्या रद्दीत घालू नका, चुकांसकट घेऊन जा. आमच्या दुसरीच्या वहीतली पानं सायकॉलॉजिस्ट बाईंनी सगळ्यात जास्त वेळ पाहिली.