एंडगेमच्या अभ्यासासाठी लिचेस : काय घ्यावे, काय जपून वापरावे

नागपूरच्या दिव्या देशमुखने २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातील बाटुमी येथे कोनेरू हम्पीला हरवून महिला विश्वचषक जिंकला, आणि तेव्हापासून नागपुरात मुलांना बुद्धिबळाच्या क्लासला घालणाऱ्या पालकांचा एक प्रश्न वारंवार कानावर येतो : घरच्या सरावासाठी कोणते अॅप घ्यावे? इथलेच रौनक साधवानी २०१९ मध्ये आणि संकल्प गुप्ता २०२१ मध्ये ग्रँडमास्टर झाले, तेव्हाही ही विचारणा होत असे. आता ती शेजारच्या फ्लॅटमधूनही होते. त्या अंतिम लढतीचे दोन्ही क्लासिकल डाव बरोबरीत सुटले आणि निकाल जलद टायब्रेकच्या दुसऱ्या डावात लागला, त्यामुळे ओपनिंगच्या चाली पाठ करून भागत नाही हे निदान पटवून द्यावे लागत नाही. अशा पालकांसाठी, आणि माझ्यासारख्या हौशी मोठ्यांसाठी, लिचेस या संकेतस्थळावरील केवळ एंडगेमविषयक (पटावर मोजकेच मोहरे उरल्यावरच्या खेळाविषयीच्या) सोयींचे हे परीक्षण आहे. तेथे प्रत्यक्ष डाव खेळण्याचा अनुभव कसा आहे, या विषयात मी शिरत नाही.

लिचेस हे थिबो दुप्लेसी या फ्रेंच प्रोग्रामरने २०१० मध्ये सुरू केले. तेथे जाहिराती नाहीत, वर्गणी नाही, आणि त्याचा कोड कोणालाही पाहता येतो. कोड्यांच्या विभागात विषय निवडता येतो. एंडगेमखाली प्याद्यांचे, हत्तींचे, उंटांचे, घोड्यांचे आणि वजिरांचे असे वेगवेगळे गट आहेत. ही कोडी कोणी बसून रचलेली नाहीत. संकेतस्थळावर खेळल्या गेलेल्या डावांमधून स्टॉकफिश या इंजिनाच्या, म्हणजे चालींचा हिशेब करणाऱ्या प्रोग्रामच्या, मदतीने ती वेचलेली आहेत, आणि सोडवणाऱ्याच्या प्रत्येक पाळीला एकच चाल योग्य ठरावी अशाच स्थिती त्यासाठी निवडल्या जातात. यामुळे पट खऱ्या डावासारखा अस्ताव्यस्त दिसतो, हा मोठाच फायदा आहे. मात्र याच अटीमुळे एंडगेमचा एक महत्त्वाचा भाग गाळला जातो. राजाला सावकाश पुढे आणणे, मोक्याची वाट पाहत हत्ती एका रांगेत इकडेतिकडे हलवणे, घाई न करणे, हे सारे ज्या स्थितीत करायचे असते तेथे तीन-चार चाली सारख्याच चांगल्या असतात, आणि म्हणून ती स्थिती कोडे म्हणून निवडलीच जात नाही. उलट पटावर मोहरे कमी उरले एवढ्याच कारणाने एंडगेममध्ये गणले गेलेले, पण प्रत्यक्षात घोड्याच्या दुहेरी हल्ल्यावर सुटणारे कोडे सहज समोर येते. रोज अशी पन्नास कोडी सोडवणाऱ्या मुलाचा हात चलाख होतो; त्याचा एंडगेम सुधारतोच असे नाही.

माझ्या मते या संकेतस्थळाचे खरे बळ पट मांडण्याच्या सोयीत आणि टेबलबेसमध्ये आहे. राजांसह सात किंवा त्याहून कमी मोहरे पटावर असतील, तर त्या स्थितीचा अचूक निकाल टेबलबेसमध्ये आधीच काढून ठेवलेला असतो; तेथे इंजिनाचा अंदाज नसतो, पूर्ण मोजदाद असते. सात मोहऱ्यांचा सिझिजी टेबलबेस २०१८ मध्ये तयार झाला आणि तो साठवायला सतरा-अठरा टेराबाइट जागा लागते, म्हणजे घरच्या लॅपटॉपवर तो ठेवण्याचा प्रश्नच येत नाही. लिचेसवर मात्र विश्लेषणाच्या पटाखालील पुस्तकाचे चिन्ह दाबले की तो उघडतो. इंटरनेट तेवढे चालू हवे.

त्याची ताकद आणि मर्यादा दोन्ही पाहायच्या असतील, तर रिचर्ड रेती यांची १९२१ मधली सुप्रसिद्ध रचना मांडून पाहावी. (घरांची नावे अशी : उभ्या पट्ट्या ए ते एच, आडव्या रांगा १ ते ८.) पांढरा राजा एच८ वर आणि प्यादे सी६ वर. काळा राजा ए६ वर आणि प्यादे एच५ वर. चाल पांढऱ्याची आहे आणि त्याला बरोबरी साधायची आहे. काळे प्यादे पुढे निघून गेले आहे, पांढरे प्यादे काळ्या राजाच्या हाताशी आहे, त्यामुळे प्रथमदर्शनी खेळ संपल्यासारखाच वाटतो. टेबलबेस चारही संभाव्य चालींची यादी देतो : राजा जी७ ही बरोबरीची, उरलेल्या तिन्ही हरण्याच्या. उत्तर मिळाले; कारण मिळाले नाही. कारण शोधण्यासाठी चाली पुढे खेळाव्या लागतात. काळ्याने प्यादे एच४ वर नेले की राजा पुन्हा तिरपा एफ६ वर येतो. काळ्याने राजा बी६ वर आणला, तर पांढरा राजा ई५ वर जातो, आणि येथे कोड्याची गाठ सुटते. काळ्याने सी६ चे प्यादे मारले तर राजा एफ४ वर येऊन एच-पट्टीतले प्यादे गाठतो. त्याऐवजी ते प्यादे एच३ वर ढकलले तर राजा डी६ वर जाऊन आपल्या प्याद्याला आधार देतो आणि दोघांचेही वजीर होतात. तिरप्या वाटेवरून चालणारा राजा एकाच वेळी दोन्ही कामे करत असतो, आणि ही गोष्ट यादीतील कोणताही आकडा सांगत नाही. गणिताच्या पुस्तकात मागे दिलेल्या उत्तरांचा जेवढा उपयोग, तेवढाच याचा. रीत आपली आपणच मांडायची.

यादीतील आकड्यांविषयी एक सूचना आवश्यक आहे. पुढची मारामारी किंवा प्याद्याची चाल किती दूर आहे हे सिझिजीचा आकडा सांगतो, मात किती दूर आहे हे नव्हे. म्हणून सर्वांत वरची चाल कधीकधी माणसाला चमत्कारिक वाटते, आणि मुलांनी ती आदर्श मानून पाठ करू नये.

दुसरी रचना १८९५ मधली, ग्लासगोत राहणाऱ्या फर्नांडो साव्हेद्रा या स्पॅनिश धर्मगुरूच्या नावाने ओळखली जाणारी. पांढरा राजा बी६, प्यादे सी६. काळा राजा ए१, हत्ती डी५. चाल पांढऱ्याची आहे आणि त्याला जिंकायचे आहे. तो प्यादे सी७ वर नेतो. शह चुकवत चुकवत पांढरा राजा सी२ पर्यंत उतरतो, काळा हत्ती डी४ वर येतो, आणि आता सी७ वरचे प्यादे शेवटच्या घरात जायला मोकळे असते. प्याद्याचा वजीर केला तर काळा हत्ती सी४ वर शह देतो, तो मारला की काळ्याला चाल उरत नाही आणि स्टेलमेट होतो, म्हणजे डाव बरोबरीत सुटतो. हत्ती केला तर मात्र ए८ वरून मात करण्याची धमकी उभी राहते. काळा हत्ती ए४ वर बचावाला आला की राजा बी३ वर येतो आणि डाव जिंकला जातो. टेबलबेसमध्ये हे दोन पर्याय एकाखाली एक, एक विजयाचा आणि एक बरोबरीचा, असे दिसतात तेव्हा मोठ्या माणसालाही मौज वाटते. प्यादे आपोआप वजीर व्हावे अशी सोय सेटिंगमध्ये आहे. या अभ्यासासाठी ती बंद ठेवावी, नाहीतर कोड्यातला मुद्दाच निघून जाईल.

सरावाच्या विभागात प्याद्यांच्या आणि हत्तींच्या एंडगेमचे पायाभूत धडे आहेत. ऑपोझिशन, लुसेना, फिलिडोर ही नावे ज्याने ऐकलेली नाहीत त्याने तेथूनच आरंभ करावा. धडे आटोपशीर आहेत आणि त्याहून अधिक त्यांच्याबद्दल सांगण्यासारखे नाही.

माझा आग्रह एकच आहे. इंजिन आणि टेबलबेस यांची बटणे बंद ठेवून, सीताबर्डीच्या बाजारात मिळणाऱ्या गुंडाळीच्या रेक्झिनच्या पटावर स्थिती मांडावी, वहीत आपले उत्तर लिहावे आणि मगच मोबाइल उघडावा. मे महिन्यातल्या दुपारी कूलरसमोर बसून तासभर करण्याजोगे याहून चांगले काम मला ठाऊक नाही. मुलगा उत्तर आधी बघत असेल तर दोष संकेतस्थळाचा नाही, त्याच्या हातातल्या मोबाइलचा आहे, आणि तो कोणी दिला हे पालकांना माहीत असतेच.

खर्च शून्य आहे. पैसे द्यायची इच्छा असलीच तर देणगी देता येते. देणगीदाराच्या नावापुढे पंखाचे चिन्ह लागते, मात्र त्याला एकही जास्तीची सोय मिळत नाही.