पैठणीचा काठ आणि ‘स्क्वूश’

ठाण्यात नौपाड्यात आमचे साड्यांचे दुकान आहे आणि दुकानाच्या संकेतस्थळावर फोटो चढवण्याचे काम माझ्याकडे आहे. संकेतस्थळ ज्यांच्याकडून करून घेतले, त्यांनी मोबाइलवर काढलेले फोटो जसेच्या तसे चढवून दिले होते. ४००० गुणिले ३००० पिक्सेलचा एकेक फोटो चार-साडेचार एमबीचा होता, म्हणजे आठ साड्यांचे एक पान उघडायला पस्तीस एमबीच्या आसपास डेटा लागत असे. आमचे बरेचसे ग्राहक संध्याकाळी डोंबिवली-बदलापूरच्या लोकलमध्ये उभ्याउभ्या साड्या पाहतात. पदर दिसण्याआधीच ते ग्राहक पानावरून निघून जात होते, हे आम्हाला फार उशिरा कळले. त्यानंतर गेले वर्षभर मी फोटोची फाइल लहान करणारे ‘स्क्वूश’ हे साधन रोज वापरते आहे आणि त्याच्याबद्दल मनापासून लिहावेसे वाटते.

‘स्क्वूश’ हे गुगलच्या क्रोम लॅब्स या गटाने २०१८ मध्ये खुले केलेले मोफत साधन आहे. ते ब्राउझरमध्येच चालते; वेगळे काही बसवावे लागत नाही, खाते उघडावे लागत नाही. फोटो कुठल्याही सर्व्हरवर न जाता आपल्याच संगणकावर लहान होतो, त्यामुळे बाजारात अजून न आणलेल्या साडीचा फोटोही निर्धास्तपणे टाकता येतो. पडद्याच्या मधोमध एक सरकती उभी रेघ असते. डावीकडे मूळ फोटो, उजवीकडे लहान केलेला, आणि खाली नवा आकार किती झाला ते दिसते. गुणवत्तेचा आकडा कमी करत जायचे आणि रेघ काठावरून हळूहळू सरकवायची. फोटो किती दाबायचा, म्हणजे फाइल किती लहान करायची, हे अशा रीतीने आकड्यावर न सोडता डोळ्यांनी ठरवता येते, आणि साडीच्या धंद्यात ही गोष्ट अत्यंत महत्त्वाची आहे.

याचे कारण जेपेगच्या, म्हणजे फोटो साठवण्याच्या सर्वांत नेहमीच्या प्रकाराच्या, घडणीत आहे. जेपेग फोटोतील उजेड आणि रंग वेगवेगळे करते, आणि आपल्या डोळ्यांना रंगातील बारकावे उजेडातील बारकाव्यांपेक्षा कमी जाणवतात म्हणून नेहमीच्या मांडणीत चार पिक्सेलमागे रंगाची एकच नोंद ठेवते. माणसांच्या किंवा डोंगरांच्या फोटोत हे खपून जाते. पण हिरव्यागार अंगाला लालभडक काठ भिडलेला असतो तिथे दोन रंगांची सीमा चिखलासारखी मळते, आणि मुनिया काठावरच्या पोपटांची लाल चोच विरघळल्यासारखी दिसते. एका ग्राहकबाईंनी ‘काठाचा रंग उतरलाय का?’ असे फोनवर विचारले, तेव्हा मला फार वाईट वाटले, कारण साडीत काहीच खोट नव्हती. ‘स्क्वूश’मध्ये ‘मोझजेपेग’ (जेपेग बनवण्याचा पर्याय) निवडून प्रगत मांडणीत गेल्यावर ‘ऑटो सबसॅम्पल क्रोमा’ची (रंगाच्या नोंदी आपोआप कमी करण्याची) खूण काढता येते आणि खालचा आकडा १ करता येतो, म्हणजे रंगाची काटकसर बंद होते. फाइल थोडी जड होते, पण काठ स्वच्छ राहतो. पैठणी, इरकल आणि खणाच्या फोटोंसाठी मी हे न चुकता करते. फिक्या रंगाच्या साध्या सुती साड्यांना त्याची गरज पडत नाही.

वेबपी आणि एव्हीआयएफ हे फोटो साठवण्याचे नवे प्रकार आहेत. वेबपीमध्ये फाइल सहसा जेपेगपेक्षा लहान होते, पण त्याच्या साध्या प्रकारात रंगाची ही काटकसर टाळताच येत नाही. तिथे ‘शार्प’ नावाचा रंगरूपांतराचा पर्याय आहे, त्याने निम्मे काम होते. एव्हीआयएफमध्ये रंग पूर्ण ठेवण्याची सोय आहे आणि आकारही सर्वांत कमी येतो. मात्र आमच्या जुन्या लॅपटॉपवर एकेका फोटोला बराच वेळ लागतो. शिवाय आयफोनच्या सफारीला एव्हीआयएफ २०२२ पासूनच वाचता येते, त्यामुळे जुना फोन असलेल्या ग्राहकांसाठी जेपेगही ठेवावे लागते.

सर्वांत मोठी बचत मात्र फोटोची लांबी-रुंदी कमी करण्यात आहे. फोटो १२०० पिक्सेल रुंद केला आणि गुणवत्ता ८० च्या आसपास ठेवली, की ४.२ एमबीचा पैठणीचा फोटो माझ्याकडे सुमारे २३० केबीवर आला. फोटो कुठे काढला ही त्यात दडलेली माहितीही या प्रक्रियेत गळून पडते. घरून धंदा करणाऱ्या भगिनींनी याची जरूर दखल घ्यावी. ज्यांच्या दुकानाचे संकेतस्थळ वर्डप्रेस या संकेतस्थळे बनवण्याच्या प्रणालीवर आहे त्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. वर्डप्रेस चढवलेल्या जेपेगच्या लहान आवृत्त्या स्वतः तयार करते आणि त्या ८२ या गुणवत्तेवर पुन्हा दाबते. म्हणून आधीच फार दाबलेला फोटो दिला तर काठ दोनदा मार खातो. तिथे मी गुणवत्ता ९० ठेवते.

उणिवाही आहेत. एका वेळी एकच फोटो घेता येतो, आणि दिवाळीआधी दोनशे साड्या येतात तेव्हा हे अक्षरशः थकवणारे होते. अशा वेळी एका साडीवर ‘स्क्वूश’ने मांडणी ठरवून बाकीचे फोटो मी भाच्याकडून ‘इमेजमॅजिक’ या दुसऱ्या साधनाने एकगठ्ठा करून घेते. सगळी मांडणी इंग्रजीत आहे आणि प्रगत पर्यायांचे शब्द दुकानदाराला समजण्यासारखे नाहीत. आयफोनचे एचईआयसी या प्रकारातले फोटो क्रोम ब्राउझरमध्ये उघडत नाहीत, ते आधी जेपेग करून घ्यावे लागतात.

तरीही राम मारुती रोडवर किंवा जांभळी नाक्यावर दुकान असलेल्या कोणी मला विचारले, तर मी हेच साधन सुचवते, आणि पहिला फोटो लाल काठाच्या साडीचाच घ्यायला सांगते.