पुण्यात हॉटेलचं टेबल बुक करताना 11,000 गेले, मॅपवरच्या नंबरवर भरवसा ठेवू नका

गेल्या शनिवारी कोरेगाव पार्कात जेवायला जायच्या नादात माझे 11,000 रुपये गेले. 5,500 दोनदा. लिहायची लाज वाटतेय पण लिहितेय, कारण त्या हॉटेलचा मॅनेजरच म्हणाला की या महिन्यातली मी चौथी.

आम्ही नाशिकचे. लेकीच्या अ‍ॅडमिशनसाठी चार दिवस कोथरूडला मामांकडे होतो. बाबा गेल्यावर माझी कॉलेजची फी मामांनी भरली, त्यामुळे एकदा तरी सगळ्यांना मी जेवायला न्यायचं हे किती वर्षं मनात होतं. भाचीच्या पैशाने जेवायला मामा तयारच नव्हते, कसंबसं कबूल केलं. मावशीकडचे धरून 11 माणसं. मामेबहिणीने इटालियन सुचवलं, तिथे फॅमिली स्टाइल असतं, म्हणजे पास्ता, लझान्या, रिसोटो मोठ्या प्लॅटरमधे टेबलाच्या मधोमध येतं आणि ज्याने त्याने वाढून घ्यायचं.

मॅपवर हॉटेल शोधलं, फोटो खरे, पत्ता खरा, खाली नंबर. लावला. विचारलं, फॅमिली स्टाइलमधे एक प्लॅटर किती जणांना पुरतं? तो म्हणाला, "हां मॅडम, फॅमिली सेक्शन अलग है, एसी है." तिथेच कळायला हवं होतं!! ज्याला आपल्याच हॉटेलात जेवण कसं येतं हे माहीत नाही तो त्या हॉटेलचा कसा असेल? मामी अंडं खात नाहीत आणि ताज्या पास्त्यात बऱ्याचदा अंडं असतं म्हणून तेही विचारलं, तर "सब मिलेगा". मग माणशी 500 अ‍ॅडव्हान्स, बिलात वळते होणार, क्यूआर आला. स्कॅन केल्यावर स्क्रीनवर हॉटेलचं नाव नव्हतं, कुणा माणसाचं होतं. मी ते वाचलं. वाचूनही पिन टाकला, कारण मामा शेजारी उभे राहून "अगं कशाला एवढा खर्च, घरीच पिठलं-भात करू" म्हणत होते आणि मला त्यांच्यासमोर बुकिंग पक्कं करून टाकायचं होतं. पिन टाकायच्या आधी दिसणारं ते नाव वाचा आणि नाव वेगळं असेल तर तिथेच थांबा. मग तो म्हणाला पहिलं पेमेंट सिस्टममधे अडकलंय, रात्री रिटर्न येईल, टेबल जाईल म्हणून परत 5,500. मला कुणी बावळट म्हणू नका, एवढ्या माणसांना अ‍ॅडव्हान्स मागणं यात नवीन काय आहे, कार्यालयवाले मागतात, केटरर मागतात.

तिथे गेलो तर आमच्या नावाचं बुकिंगच नाही. अहो, तीन जण आधी फसलेत तर दारावर एक कागद लावता येत नाही? मॅपवरचा नंबर बदलायची सूचना कुणीही पाठवू शकतं, तो तपासायचा कुणी? गुडघ्याचं ऑपरेशन झालेले मामा सव्वा तास पायरीवर बसून होते.

बँकेत फोन केला तर पिन तुम्हीच टाकलात, आम्ही काही करू शकत नाही, आणि वर माझंच यूपीआय आणि कार्ड दोन्ही ब्लॉक. चौकीत गेले तर पैसे कोथरूडहून गेले, तिकडे जा. तिकडे म्हणाले तुम्ही नाशिकच्या, नाशिकला द्या. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे पोलीस तपासाच्या नव्या कायद्याच्या, कलम 173 मधे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती घ्यायची असं सरळ लिहिलंय, हे मी मोबाईलवर उघडून दाखवलं तर साहेब म्हणाले, "ताई, अकरा हजारच ना?" अकरा हजारच! तुमच्या खिशातले गेले असते म्हणजे कळलं असतं. तीन तास बाकावर बसवून शेवटी एका साध्या अर्जावर शिक्का मारून दिला.

कुणाचं असं झालं तर चौकी-बिकी नंतर, आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. जितक्या लवकर लावाल तितकी पैसे अडवले जायची शक्यता जास्त, मी चार तासांनी लावला. चॅट डिलीट करू नका, यूटीआर नंबरचा (पेमेंटच्या व्यवहार क्रमांकाचा) स्क्रीनशॉट ठेवा. रिफंड घ्यायला पिन लागत नाही, कुणी मागितला तर फोन ठेवून द्या.

जेवण शेवटी तिथेच झालं, बिल 9,240. माझं सगळंच ब्लॉक, मामांनी शर्टाच्या खिशातून कार्ड काढून दिलं आणि मी बघत बसले. नाशिकला आल्यावर खातं सुरू झालं तसे त्यांना 9,240 पाठवले, दहा मिनिटांत परत आले. काल पुन्हा पाठवले, पुन्हा परत.